कोणते प्रेत उठवावे आणि कोणते पडू द्यावे

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून खेळायच्या काल्पनिक साहसखेळात प्रेते उठवून त्यांच्याकडून लढाई करून घेणारे पात्र जो खेळाडू पहिल्यांदाच खेळतो, तो बहुधा असे धरून चालतो की जिवंतपणी जो शत्रू सर्वांत भारी पडला तोच मेल्यावरही सर्वांत उपयोगी ठरेल. आमच्या टेबलावरच्या पहिल्या मोहिमेत हेच घडले. नवव्या पातळीचा फायटर (योद्धा) असलेल्या एका दरोडेखोर सरदाराने आम्हाला तीन सत्रे जेरीस आणले होते, म्हणून तो पडताच आमच्या क्लेरिकने (देवभक्तीच्या बळावर मंत्र टाकणाऱ्या पात्राने) मंत्राला लागणारा काळ्या ऑनिक्सचा खडा त्याच्यासाठी खर्च केला आणि त्याच्या शेजारी पडलेल्या ओगर या राक्षसी जातीच्या अंगरक्षकाकडे कोणी वळूनही पाहिले नाही. उठून उभा राहिला तो सहा हिट पॉइंटचा, म्हणजे जेमतेम एखादा फटका सोसणारा, सांगाडा. पुढच्याच चकमकीत एका पहारेकऱ्याच्या हातोड्याचा एक फटका बसला आणि सरदाराची हाडे जमिनीवर विखुरली.

डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या ३.५ आवृत्तीत, म्हणजे २००३ सालच्या नियमांत, असे का होते हे समजले की निवडीचा निम्मा प्रश्न सुटतो. अ‍ॅनिमेट डेड हा मंत्र प्राण्याचे शरीर परत देतो, त्याने कमावलेले काहीही परत देत नाही. वर्गाच्या (फायटर, क्लेरिक अशा पेशाच्या) पातळ्यांमधून मिळालेले हिट डाइस, म्हणजे हिट पॉइंट ठरवणारे फासे, पूर्ण गळून पडतात, बुद्धी नाहीशी होते, फीट्स (कमावलेली खास कौशल्ये) जातात आणि विष, श्वासास्त्र, नजरेची बाधा यांसारखे विशेष हल्लेही उरत नाहीत. उरतात ती आकारमान, ताकद, नैसर्गिक शस्त्रे, चालण्याउडण्याची साधने आणि जातीचे मूळ हिट डाइस. म्हणून प्रेतासमोर उभे राहिल्यावर विचारायचे ते एवढेच: या प्राण्याला कोणी काही शिकवलेच नसते, तर निव्वळ अंगाच्या जोरावर तो किती धोकादायक ठरला असता? माणूस, एल्फ, ड्वार्फ या जाती या कसोटीवर जवळजवळ नेहमीच नापास होतात. ओगर, ट्रोल, मिनोटॉर आणि आउलबेअर हे धिप्पाड प्राणी उत्तम गुणांनी पास होतात.

यानंतर हिशेब येतो. मंत्र टाकणाऱ्याच्या प्रत्येक पातळीमागे एका वेळी दोन हिट डाइसइतकी प्रेते उठवता येतात आणि एकूण चार हिट डाइसइतकी ताब्यात ठेवता येतात. प्रत्येक हिट डायसाठी २५ सुवर्णमुद्रांचा काळा ऑनिक्स लागतो. क्लेरिकला हा मंत्र पाचव्या पातळीला मिळतो आणि विझार्डला (जादूगाराला) सातव्या. म्हणजे पाचव्या पातळीच्या क्लेरिकपाशी एका वेळेसाठी १० आणि एकूण ताब्यासाठी २० हिट डाइस असतात. ताब्याची मर्यादा ओलांडल्यास नवी प्रेते हुकमात राहतात आणि जुन्यांपैकी जास्तीची सुटतात, त्यामुळे तिजोरीत ऑनिक्स कितीही असला तरी खरी टंचाई हिट डाइसचीच असते.

सांगाडा करावा की झोंबी (मांसासकट उठवलेले प्रेत), हा प्रश्न याच टंचाईच्या संदर्भात पाहिला पाहिजे, कारण झोंबी करताना प्राण्याचे मूळ हिट डाइस दुप्पट होतात आणि ते दुप्पट आकडेच तुमच्या मर्यादेतून वजा होतात. जिवंत ओगरचे हिट डाइस ४ असतात आणि त्याचा झोंबी ८ हिट डाइसचा होतो. सरासरी ५५ हिट पॉइंट घेऊन तो २०० सुवर्णमुद्रांत उभा राहतो, जिवंत ओगरचे सरासरी हिट पॉइंट मात्र २९ असतात. आउलबेअरचा सांगाडा याच्या उलट वागतो. जिवंतपणी ५२ हिट पॉइंट असलेल्या या जनावराला सांगाड्यात ३२च मिळतात, कारण अनडेडला (मेल्यावर उठवलेल्याला) कॉन्स्टिट्यूशनचा, म्हणजे शरीराच्या काटकपणाचा, फायदा नसतो. मात्र त्याचे दोन पंजे आणि चोच शाबूत राहतात, चपळता २ने वाढते आणि तो फक्त ५ हिट डाइस खातो. पाचव्या पातळीच्या क्लेरिकला एकाच मंत्रात असे दोन आउलबेअर मिळतात आणि माझ्या मते त्या पातळीला याहून चांगला सौदा क्वचितच हाती लागतो.

झोंबीची सर्वांत मोठी उणीव ही की त्याला एका फेरीत एकच कृती करता येते: एकतर चालणे, नाहीतर एक वार. चाल आणि वार एकाच फेरीत हवे असतील तर त्याला धाव घेऊनच हल्ला करावा लागतो. त्यामुळे ज्या प्राण्याचे बळ अनेक पंजे, अनेक जबडे किंवा अनेक डोकी यांत आहे, त्याचा झोंबी करणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. त्याचा सांगाडाच करावा. ज्याचे बळ एकाच जबर फटक्यात, जाड कातडीत किंवा पंखांत आहे, त्याचा झोंबी करावा. कातडीचा मुद्दा विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. सांगाड्याचे नैसर्गिक कवच मूळ प्राण्यावरून येत नाही, ते केवळ आकारमानावरून ठरते, आणि मध्यम व मोठ्या सांगाड्याला अवघे २ मिळतात. झोंबीचे मूळ कवच टिकते आणि वर थोडे वाढतेही. जमिनीत बिळे पाडत जाणाऱ्या अंबर हल्कची गोंधळात टाकणारी नजर मेल्यावर जाते, पण त्याचा १६ हिट डाइसचा झोंबी ते कवच आणि ती खोदण्याची चाल दोन्ही राखतो, म्हणून तटबंदीला वेढा घालायचा असेल तर मी त्यालाच पहिली पसंती देईन.

पंखांची गोष्टही अशीच आहे. सांगाडा पंखांनी उडू शकत नाही. झोंबी उडतो, पण अत्यंत बोजडपणे. वायव्हर्न या ड्रॅगनसारख्या उडत्या प्राण्याचा झोंबी १४ हिट डाइसचा होतो. त्याच्या शेपटीतले विष गेलेले असते आणि त्याला ४५ अंशांत वळायलाही दहा फूट पुढे जावे लागते, तरीही दरी ओलांडायला किंवा भिंतीपलीकडे उतरायला तो अतिशय भरवशाचा आहे. पाचव्या पातळीला १० हिट डाइसच्या मर्यादेत तो बसत नाही. तेव्हा आधी डेसिक्रेट हा दुसऱ्या पातळीचा मंत्र टाकावा, कारण त्याच्या क्षेत्रात एका वेळी उठवता येणारे हिट डाइस दुप्पट होतात. ताब्याची मर्यादा मात्र त्याने वाढत नाही.

हायड्राबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण या विद्येतले हे सर्वांत मोलाचे प्रेत आहे. पाच ते बारा डोक्यांच्या हायड्राला जितकी डोकी तितकेच हिट डाइस असतात, म्हणजे सांगाडा केल्यास एका हिट डायमागे एक चावा मिळतो. ट्रोलचा सांगाडा ६ हिट डाइसमध्ये दोन पंजे आणि एक चावा देतो, हे लक्षात घेतले की हायड्राचे मोल कळते. जिवंत हायड्रा पुढे सरकूनही सगळ्या डोक्यांनी चावू शकतो. सांगाड्यातही हे चालते का, यावर खेळाडूंत मतभेद आहेत, म्हणून डन्जन मास्टरचे (खेळ चालवणाऱ्याचे) मत आधीच विचारून घ्यावे आणि नकार आला तर सांगाडा अरुंद वाटेवर उभा करून शत्रूला त्याच्याकडे येऊ द्यावे. सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे हे प्रेत कमावण्याची तयारी लढाईतच करावी लागते. हायड्राला मारण्याची रूढ पद्धत म्हणजे एकेक मान छाटून बुंध्याला आग लावणे, आणि तसे केले तर हाती डोकी नसलेले धड येते. सोबत्यांना आधीच सांगून ठेवावे की वार धडावर करायचे आणि मानांना हात लावायचा नाही. इतर प्राण्यांनाही हेच लागू पडते, कारण दोन्ही प्रकारांसाठी प्रेत बऱ्यापैकी अखंड असावे लागते.

मोठ्या प्रेतांना वरची मर्यादाही आहे. २० हून अधिक हिट डाइसच्या प्राण्याचा सांगाडा होत नाही आणि मूळ १० हून अधिक हिट डाइसच्या प्राण्याचा झोंबी होत नाही. १० हिट डाइसचा ग्रे रेंडर हा प्राणी म्हणूनच झोंबीसाठी अगदी काठावरचा आणि सर्वोत्तम ठरतो. लाल ड्रॅगनपैकी १९ हिट डाइसचा तरुण वयाचा ड्रॅगन सांगाड्याच्या मर्यादेत बसतो. त्यापुढच्या वयाचा, २२ हिट डाइसचा, बसत नाही.

थोडी मोठी प्रेते ठेवावीत की पुष्कळ लहान, याबद्दल माझे मत ठाम आहे: थोडी मोठी. शत्रूपक्षात क्लेरिक असेल तर त्याला स्वतःच्या पातळीपेक्षा चारहून अधिक हिट डाइस असलेल्या अनडेडला पळवून लावता येत नाही, म्हणजे तिसऱ्या पातळीचा क्लेरिक ओगर झोंबीपुढे हतबल असतो. याउलट एक हिट डायचे मानवी सांगाडे दुसऱ्या पातळीचा क्लेरिकही जागच्या जागी नष्ट करू शकतो. शिवाय अनडेडची मूळ हल्लाक्षमता हिट डाइसच्या निम्मीच असते, त्यामुळे वार लागायला ताकदच कामी येते, आणि ती मोठ्या शरीरात असते. सांगाड्याला बोथट शस्त्रांपुढे आणि झोंबीला धारदार शस्त्रांपुढे संरक्षण नसते. म्हणून निदान एक प्रेत दुसऱ्या प्रकारचे ठेवावे.

पाचव्या आवृत्तीच्या २०१४ सालच्या नियमांत ही सगळी चर्चा आटोपशीर होते, कारण तिथे अ‍ॅनिमेट डेड फक्त लहान किंवा मध्यम आकाराच्या मानवसदृश प्राण्यावर चालतो. निवड उरते ती हाडे की प्रेत एवढीच. झोंबीचे हिट पॉइंट २२ आणि आर्मर क्लास (वार लागणे किती कठीण हे सांगणारा आकडा) ८, सांगाड्याचे अनुक्रमे १३ आणि १३. पण सांगाडा लहान धनुष्याने ८० फुटांवरून अचूक मारा करतो, म्हणून हाडेच निवडावीत. ताबा २४ तासांचाच असतो. तो संपण्यापूर्वी तोच मंत्र पुन्हा टाकल्यास जुन्या चार प्रेतांवरचा हुकूम टिकतो, म्हणून जितक्या सांगाड्यांसाठी स्लॉट (दिवसभरात मंत्र टाकण्याच्या संधी) रोज राखून ठेवता येतील तितकेच सांगाडे उठवावेत. कायमचा गुलाम हवा असेल तर फिंगर ऑफ डेथने मारलेला माणूस झोंबी होऊन कायम हुकमात राहतो.

३.५ आवृत्तीत अ‍ॅनिमेट डेडवर दुष्ट मंत्राचा शिक्का आहे. पॅलाडिन (धर्मनिष्ठ योद्धा) खेळणाऱ्याशेजारी बसून हायड्राचा सांगाडा हाकायचा असेल, तर त्या खेळाडूशी पहिला खडा विकत घेण्यापूर्वीच बोलावे. आणि बारा डोक्यांचा हायड्रा टेबलावर आणणार असाल, तर वीस बाजूंचे बारा फासेही सोबत आणावेत, म्हणजे सगळे चावे एकाच फेकीत उरकतील आणि इतरांना आपल्या पाळीसाठी ताटकळावे लागणार नाही.