स्थानिक स्टार्टअप म्हणवून घेताय? मग या चुका टाळा

बाणेर-बालेवाडीच्या कुठल्याही को-वर्किंगमध्ये जा, एखाद्या तरी भिंतीवर 'मेड इन पुणे' दिसेलच. त्यात वाईट काही नाही. पण त्या कंपनीमुळे जिल्ह्याचं भलं होतंय का, हे भिंतीवरून कळत नाही. तिच्या खात्यातून निघालेला पैसा कुठे जातो आणि किती दिवसांनी पोचतो, त्यावरून कळतं. बहुतेक चुका तिथेच सापडतात.

वर्कशॉपचं बिल थकवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. ईव्ही चार्जर असो की शेतीचं यंत्र, पुण्यातला हार्डवेअर स्टार्टअप सुटे भाग करून घेतो ते भोसरी, तळवडे, चाकणच्या छोट्या वर्कशॉपमधून. वाहन उद्योगाभोवती उभी राहिलेली ही लेथ, सीएनसी, पावडर कोटिंगवाली मंडळी नसती, तर प्रोटोटाइपसाठी महिनोन्महिने ताटकळावं लागलं असतं. आणि त्यांचंच बिल 'गुंतवणुकीचा पुढचा राउंड आला की देतो' म्हणून पडून राहतं! म्हणजे गुंतवणूकदार यायच्या आधी तुमचा धंदा लेथवाल्याने चालवला, तोही बिनव्याजी. त्याला मात्र कामगारांचा पगार, वीजबिल आणि स्टीलवाल्याची उधारी वेळेवर भागवावीच लागते.

कायदा इथे स्पष्ट आहे. २००६च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. करारात ९० दिवस लिहून घेतले तरी ते चालत नाहीत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकरातही मेख आहे: मुदत चुकवली तर तो खर्च करपात्र उत्पन्नातून प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षातच वजा मिळतो. निव्वळ व्यापाऱ्याकडून घेतलेल्या मालाला ही आयकराची तरतूद लागू होत नाही.

दुखणं ओळखायचं कसं? वर्कशॉपवाला तुमचं काम मागे ढकलू लागतो, पुढच्या ऑर्डरला आगाऊ पैसे मागतो. थकलेल्या बिलाची सरकारी पोर्टलवर तक्रार करायची सोय त्याला आहे, पण काम तुटेल या भीतीने सहसा कोणी तिथपर्यंत जात नाही. तेव्हा तक्रार नाही म्हणजे सगळं आलबेल, असं समजू नका. ऑर्डर देतानाच वर्कशॉपचा उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) क्रमांक मागून घ्या, डायचे (साच्याचे) पैसे आधी द्या, आणि माल नापसंत असेल तर १५ दिवसांच्या आत लेखी कळवा. नंतर काढलेली खोट कायद्याच्या हिशेबात उशिराची ठरते.

आडत्याला हटवायचं, पण त्याचं काम कोणी करायचं नाही

शेतमालाच्या स्टार्टअपची ही ठरलेली ठेच. २०१६ पासून महाराष्ट्रात फळं-भाज्या बाजार समितीच्या आवाराबाहेर थेट विकायला मोकळीक आहे, त्यामुळे ॲप काढून जुन्नरच्या शेतकऱ्याकडून टोमॅटो उचलणं कागदावर सोपं झालं. पण आडत्या नुसता बोली लावत नाही. तो बियाण्या-औषधाला उचल देतो आणि बारीक, डागी, जास्त पिकलेला असा सगळाच माल कुठल्या ना कुठल्या भावात खपवतो. स्टार्टअप फक्त ए ग्रेड घेतो. उरलेले क्रेट घेऊन शेतकऱ्याला पुन्हा नारायणगावच्या बाजारात जावंच लागतं, आणि तिथे निवडून उरलेल्या मालाला भाव पडतो तो वेगळाच. दुसऱ्या हंगामात तो तुमच्याकडे फिरकत नसेल तर दर वाढवून उपयोग नाही. बी आणि सी ग्रेडचं गिऱ्हाईक शोधा: प्युरीवाले, खानावळी, मेसवाले. पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब आणि पैसे, त्याच दिवशी द्या. उचल देण्याची ऐपत नसेल तर शेतकरी उत्पादक कंपनीला मध्ये घ्या.

चालत्या व्यवस्थेवर ॲप बसवणं

कचऱ्यात काम करू पाहणाऱ्यांनी आधी 'स्वच्छ' समजून घ्यावी. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ची. तिच्यातूनच कचरावेचकांच्या मालकीची ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. सुका कचरा विकून येणारा पैसा हा या कचरावेचक बायकांच्या कमाईचा मोठा भाग. तुमचं ॲप सोसायटीतून पुठ्ठा आणि पेटबाटल्या थेट उचलत असेल, तर तुम्ही त्यांच्याच पदरातलं काढून घेताय, मग जाहिरातीत काहीही लिहा. वर्गीकरण आणि वाहतुकीचं काम त्यांनाच देऊन सुरुवात करा.

माणसं बाहेरून आणणं

'इथे टॅलेंट मिळत नाही' हे पुण्यात म्हणायला धाडस लागतं. आयटीआय आणि डिप्लोमाची मुलं मिळतात, फक्त मुलाखत इंग्रजीत घेऊ नका. अॅप्रेंटिसशिप योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिना १५०० रुपयांपर्यंत, सरकार उचलतं. ४ ते २९ माणसं असलेल्या कंपनीला हे ऐच्छिक असल्याने अनेकांच्या ते ध्यानीमनीही नसतं.

सरकारी पायलटवर विसंबणं

राज्याच्या स्टार्टअप सप्ताहात विजेत्यांना १५ लाखांपर्यंतचे कार्यादेश दिले गेले आहेत. संधी चांगली आहे, पण पायलट, म्हणजे चाचणी प्रकल्प, संपल्यावर यंत्र कोण सांभाळणार, हे ठरलेलं नसतं. देखभालीचा खर्च पहिल्याच प्रस्तावात वेगळ्या ओळीत दाखवा, ज्या खात्याच्या अर्थसंकल्पात तो बसायचा आहे तिथल्या अधिकाऱ्याला भेटा, आणि बिल निघेपर्यंत पुरेल एवढं खेळतं भांडवल बाजूला ठेवा.