बालवाडीत नव्याने शिकवणार असाल तर: कौतुक जरा आवरा

मुलाच्या कलाने शिकवायचं, हे तत्त्व तुम्हाला माहीत आहेच. मुलांच्या हाताला येतील अशी फडताळं, कामाची मोकळी निवड, हे सगळं प्रशिक्षणात होऊन जातं. खरी अडचण वर्गात गेल्यावर येते, ती आपल्या बोलण्याची. मला अजूनही ते जड जातं.

समजा, साडेतीन वर्षांचं मूल एका जगमधून दुसऱ्या जगमध्ये पाणी ओततंय. जीभ किंचित बाहेर, नजर धारेवर. थोडं सांडतं, ते स्पंजने टिपतं, पुन्हा ओततं. आपल्याला राहवत नाही. "अरे वा, किती छान! सांग बरं, जास्त पाणी कशात आहे?" मूल मान वर करतं, "यात" म्हणतं आणि उठून जातं. उत्तर बरोबर आलं म्हणून आपण खूश, पण त्याचं चाललेलं काम मोडलं ते आपणच. रागावून थांबवलं असतं तर आपलं आपल्यालाच खटकलं असतं. कौतुकाने थांबवलेलं खटकत नाही, म्हणून हे वर्षानुवर्षं चालू राहतं. रोज असं घडलं की मूल धारेकडे कमी आणि आपल्या चेहऱ्याकडे जास्त बघायला लागतं. "ताई, बघ ना" सुरू होतं. मग बघायला कोणी नसेल तर ते पाण्याच्या भांड्याला हातही लावत नाही.

इटालियन डॉक्टर आणि शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केलं. तिथे तीनेक वर्षांची एक मुलगी लाकडी दट्टे खाचांतून काढून पुन्हा बसवत होती, चाळीसहून जास्त वेळा. मध्येच तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, भोवती मुलांना गाणं म्हणायला लावलं, तरी तिचे हात थांबले नाहीत. पण एवढी पक्की तंद्री सगळ्यांची नसते. नवख्या मुलाची एका शब्दाने मोडते.

गप्प राहायचं म्हणजे कोपऱ्यात फोन घेऊन बसायचं असं मात्र नाही. कोणी मारत असेल, साहित्य फेकत असेल, तर लगेच उठायचं आणि थांबवायचं. इथे मुलाचा कल वगैरे काही नसतं. नुसतंच भटकणाऱ्या मुलाजवळ बसून एखादं काम सावकाश करून दाखवायचं. बाकी वेळ वही. काय उचललं, किती वेळ रमलं, कुठे अडलं. पाणी दर वेळी सांडत असेल तर जग जड असेल; उद्या फडताळात लहान जग ठेवा. मी तरी यालाच शिकवणं म्हणते. प्रश्न विचारायचेच असतील तर हायस्कोप या अमेरिकन बालशिक्षण पद्धतीसारखी वेळ ठरवून घ्या. तिथे मुलं आधी बेत सांगतात, मग काम करतात, मग काय केलं ते सांगतात. त्या गप्पांत हवं तेवढं विचारा.

सुरुवातीला वर्गात गोंधळ होणारच. त्याने खचू नका. सगळ्यांना एका रांगेत बसवून रंगवायचे कागद वाटायचा मोह होईल; त्याऐवजी फडताळातल्या वस्तू कमी करा. मुलं स्थिरावतात, आपणही.

गुलाबी मनोऱ्यापासून (लहानमोठ्या गुलाबी ठोकळ्यांचा) सगळं माँटेसरी साहित्य एकदम विकत आणलं की वर्ग मुलांचा झाला, असं मानणाऱ्यांचं मला कधीच पटलं नाही. दोन दिवसांच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्रही त्यातलंच. मार्गदर्शक निवडताना छान भाषण करणारी ताई नको. "आज तू काय पाहिलंस?" एवढंच विचारून तुमची वही मागणारी शोधा. तिचा सुरुवातीला राग येईल, येऊ द्या.

पालक म्हणतील, "घरी येऊन काहीच लिहून दाखवत नाही." त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांच्या मुलाच्या नोंदी वाचून दाखवा.

आणि नोकरी धरण्याआधी त्या शाळेत एक पूर्ण सकाळ बसायला मागा. माँटेसरी वर्गात सलग तीनेक तास कामाला मोकळे ठेवतात. दर वीस मिनिटांनी घंटा होऊन मुलांच्या हातातलं काम काढून घेतलं जात असेल, तर पाटीवर काहीही लिहिलेलं असो, तिथे जाऊ नका.