जैवअर्थव्यवस्थेचे परिणाम मोजताय? या चुका टाळा

पिकापासून इंधन, स्टार्चपासून पिशवी, शेणापासून गॅस: ही जैवअर्थव्यवस्था. यातून नक्की भलं किती झालं, हे मोजायला बसलं की आकडे बिघडतात ते बेरजेत नाही, हिशेबाची हद्द आखताना.

सगळ्यांत महागात पडते ती जमीन विसरण्याची चूक. ‘झाडानं घेतलेलाच कार्बन जाळल्यावर परत गेला, म्हणून उत्सर्जन शून्य’ असं कुठल्या अहवालात दिसलं की तिथंच थांबा. या पिकाआधी त्या जमिनीवर काय होतं? जंगल तोडलं असेल, तर साठलेला कार्बन सुटतो आणि तो भरून यायला कित्येक वर्षं जातात. शेत जुनंच असलं, तरी तिथलं अन्नधान्य दुसरीकडे सरकतं आणि तिकडे नवी जमीन नांगरली जाते. संशोधक टिमोथी सर्चिंगर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हे धरून मक्याच्या इथेनॉलचा हिशेब मांडला, तेव्हा ३० वर्षांचं उत्सर्जन पेट्रोलच्या जवळपास दुप्पट निघालं. त्यावर पुष्कळ वाद झाला, नंतरचे अंदाज बरेच खाली आले. पण जमिनीचा प्रश्न कुणाला पुसता आला नाही.

एकाच कारखान्याचे दोन अहवाल जुळत नसतील, तर वाटणी तपासा, म्हणजे एकाच पिकातून निघणाऱ्या वेगवेगळ्या मालांवर उत्सर्जनाचा भार कसा वाटलाय ते. सोयाबीनमधून वजनानं जेमतेम पाचवा हिस्सा तेल निघतं, उरते ती मुख्यतः पेंड. खत-डिझेलचा भार वजनावर वाटला तर तेलावर थोडा पडतो, किमतीवर वाटला तर कितीतरी जास्त. शेत तेच, उत्तरं दोन! म्हणून दोन्ही पद्धतींनी गणित करा आणि फरक लपवू नका.

इथेनॉल आणि पेट्रोल लिटरला लिटर तोलू नका. इथेनॉलमध्ये ऊर्जा सुमारे दोन तृतीयांशच असते. उलाढालींची बेरीजही नको, कारण मक्याची किंमत इथेनॉलच्या किमतीत पुन्हा मोजली जाते. मूल्यवर्धन घ्या, म्हणजे विक्रीतून विकत घेतलेल्या मालाची किंमत वजा करून उरतं ते.

रोजगाराचा आकडा फुगलेला वाटला, तर महिने विचारा. तीन-तीन महिने राबलेले चार मजूर म्हणजे वर्षाचा एकच पूर्णवेळ रोजगार. शिवाय आधीचं कुणाचं काम गेलं, तेही वजा करा.

सामाजिक बाजू शेवटच्या पानावर ढकलली जाते, याचं मला फार वाईट वाटतं. ग्लोबल बायोएनर्जी पार्टनरशिप या जैवऊर्जेवरच्या आंतरराष्ट्रीय गटानं २०११ मध्ये परिणाम मोजायला २४ निर्देशक दिले. पर्यावरण, समाज आणि अर्थ यांचे प्रत्येकी आठ. त्यातला एक आहे सरपण गोळा करण्यात बायका-मुलांचा जाणारा बिनपगारी वेळ. तो कुठल्याच हिशेबवहीत सापडत नाही. प्रकल्प सुरू होण्याआधी घरोघरी जाऊन विचारून ठेवलं नाही, तर नंतर तुलना करायला काहीच उरत नाही.