गॅस गिझर बसवताना: जागा बाथरूमच्या बाहेरचीच

ठाणे आणि नवी मुंबईतील असंख्य फ्लॅटमध्ये बाथरूम चार फूट बाय सहा फुटांच्या आसपास असते आणि तिला काचेच्या पट्ट्यांची एक लहानशी खिडकी असते, जी थंडीत हमखास बंद केली जाते. अशा जागेत गॅस गिझर बसवू नये. बाकीची सारी खबरदारी या एका निर्णयानंतरची आहे.

याचे कारण हिशेबानेच पाहता येते. मिनिटाला ६ लिटर पाणी तापवणारा गिझर पूर्ण क्षमतेने चालला, तर १५ मिनिटांत साधारण पाव किलो एलपीजी जाळतो आणि तेवढा गॅस जळण्यासाठी ३ घनमीटरांहून अधिक हवा लागते. नऊ फूट उंचीच्या त्या बाथरूममध्ये एकूण हवाच सुमारे ६ घनमीटर असते. दोघांच्या आंघोळी लागोपाठ झाल्या की प्राणवायू कमी पडतो, गॅस अर्धवट जळू लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. गळती कळावी म्हणून एलपीजीत मुद्दाम वास मिसळलेला असतो खरा, पण गॅस जळला की तो वासही जळून जातो. म्हणूनच ‘काही बिघडले तर वास येईलच’ हा समज येथे जिवावर बेततो. डोके जड होणे, चक्कर आणि मळमळ ही लक्षणे गरम पाण्याच्या वाफेमुळे असावीत असे वाटते आणि कडी काढण्याइतकीही ताकद उरत नाही.

आमच्या घरी गिझर बसवायला आलेला फिटर शॉवरच्या शेजारीच भिंतीला भोक पाडायला निघाला होता. मी त्याला थांबवले आणि गिझर ड्राय बाल्कनीत (कपडे-भांडी धुण्याच्या छोट्या बाल्कनीत) घेतला. तेथून गरम पाणी सीपीव्हीसी पाइपने (गरम पाण्यासाठीच्या प्लास्टिकच्या पाइपने) आत आणले. नळाला सुरुवातीची काही सेकंद गार पाणी येते, एवढीच अडचण आहे.

ड्राय बाल्कनी मात्र खरोखर उघडी हवी. अनेकांनी ती स्लायडिंग काचा लावून पूर्ण बंद केलेली असते; अशी बाल्कनी म्हणजे दुसरे बाथरूमच. काचेचा एक भाग कायमचा काढून तेथे जाळी बसवावी, जेणेकरून थंडीत कोणी तो बंद करू शकणार नाही. गिझरचा धूर स्वतःच्या किंवा शेजाऱ्यांच्या खिडकीखाली, अथवा ज्यात इतरांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात अशा डक्टमध्ये सोडू नये. एक्झॉस्ट पंख्यावरही विसंबू नये, कारण बाहेरची हवा आत येण्यास वाट नसेल तर तो पंखा धुराड्यातला धूरच उलटा आत ओढू शकतो.

गिझर आयएसआय चिन्हाचाच घ्यावा आणि तो एलपीजीचा आहे की पाइप गॅसचा हे खरेदीपूर्वी तपासावे. दोन्ही गॅसचा दाब वेगळा आणि जेटही (बर्नरमध्ये गॅस सोडणारी बारीक छिद्रे) वेगळे असतात. महानगर गॅसची लाइन असलेल्या घरात जोडणीचे काम कंपनीच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्यावे. सिलिंडर वापरणार असाल, तर तो उभा आणि उघड्या जागी असावा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळलेला गॅस जमिनीलगत पसरतो, म्हणून सिलिंडर पाणी जाण्याच्या जाळीपासून दूर ठेवावा. सुरक्षा ट्यूब (सिलिंडरपासून गिझरपर्यंतची रबरी नळी) भिंतीतून ओवू नये आणि तिच्यावर छापलेली मुदत संपण्यापूर्वी ती बदलावी. अंतर जास्त असेल तर तांब्याची पाइप टाकून घ्यावी.

जोडणी झाल्यावर प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे. काडी पेटवून गळती शोधू नये. त्यानंतर गिझर सलग दहा मिनिटे चालवून ज्योत पाहावी. ती निळी आणि स्थिर हवी. पिवळी दिसली किंवा वरच्या पत्र्यावर काजळी धरू लागली, तर दुरुस्ती होईपर्यंत गिझर वापरू नये.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बाल्कनीलगतच्या खोलीत, साधारण डोक्याच्या उंचीवर लावावा. एलपीजी गळतीचा अलार्म वेगळा असतो आणि तो जमिनीजवळ बसतो. एकाने दुसऱ्याचे काम होत नाही. बाथरूमला बाहेरूनही उघडता येणारी कडी बसवून घ्यावी. गॅसचा वास आल्यास विजेचे कोणतेही बटण चालू-बंद न करता रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि घराबाहेर येऊन एलपीजीच्या १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे. आंघोळीला गेलेले माणूस हाकेला ओ देत नसेल, तर दार उघडून त्याला आधी मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि लगेच १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.