तिसऱ्यांवर काम करणार असाल, तर पावसाळा सोडू नका

प्राणिशास्त्र किंवा मत्स्यविज्ञानात एमएस्सी करताना 'शिंपल्यांचं प्रजननचक्र' हा विषय मिळाला की मुलं खूश होतात. खाडीवर जायचं, तिसऱ्या (वाळूत राहणारे, खाण्याचे दुकवची शिंपले) आणायच्या, फोडायच्या, बघायचं. मी हे काम रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या खाडीत केलं. मराठवाडा विद्यापीठातल्या नागभूषणम आणि माने यांनी १९७०च्या दशकात याच खाडीतल्या शिंपल्यांचा अभ्यास केला होता. समुद्रापासून इतक्या लांबच्या औरंगाबादची माणसं इथे येऊन चिखल तुडवत होती, याची मला अजूनही गंमत वाटते.

आपण वाचतो ती बरीच पुस्तकं थंड देशांतली. तिथे पाणी तापलं की शिंपले अंडी सोडतात. आपल्या खाडीत तापमान वर्षभर थोडंच हलतं, सगळा खेळ क्षारतेचा, म्हणजे पाण्याच्या खारेपणाचा. मे महिन्यात ती दर हजारी ३५च्या आसपास असते आणि जुलैत नदीचं पाणी उतरलं की पार खाली येते. तेव्हा तिसरी कवच मिटून बसते, खाणं थांबतं, जननग्रंथी ओसरते. पाऊस सरल्यावर क्षारता चढते, पाण्यात प्लवक (तिसऱ्यांचं खाद्य असलेले तरंगते सूक्ष्म जीव) वाढतात आणि ग्रंथी पुन्हा भरू लागते. बऱ्याच जाती पावसाळ्यानंतर ते हिवाळ्यापर्यंत अंडी सोडतात, काही वर्षातून दोनदा. अडचण अशी की विषय मंजूर होईपर्यंत ऑक्टोबर उजाडतो आणि मे संपता संपता मुलं आवरतं घेतात. म्हणजे चक्राचा ओसरण्याचा आणि नव्याने भरण्याचा भागच हातून जातो.

खाडीवर जायची वेळ तिथीवरून काढा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो त्या दिवसांत, पुळण नीट उघडी पडत नाही, म्हणून उधाणाच्या दिवसांत जा. जमलं तर पंधरा दिवसांनी जा, कारण महिन्याच्या अंतराने गेल्यास मधेच अंडी सोडून झालेली असतात. पाण्याचा नमुना तळाचा घ्या. पावसात गोडं पाणी वर तरंगतं आणि तिसरी असते खाली वाळूत. तिसऱ्या काढणाऱ्या मावशींना मात्र क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर लागत नाही. "आता नुसत्या पोकळ, दिवाळीनंतर ये," असं एकीने मला पावसात सांगितलं होतं.

त्या 'पोकळ' शब्दावर शास्त्राने विसंबू नये. मांसाचं वजन अंडी सोडल्यावर घटतं, तसंच उपासमारीनेही घटतं. खरं काय ते स्लाइडवरच कळतं. बाहेरून नर-मादी ओळखता येत नाही आणि जननग्रंथीही सुटी नसते, आतड्याभोवती आणि पायाच्या बुडाशी पसरलेली असते. पक्व मादीच्या छेदात (मेणात बसवून कापलेल्या पातळ कापात) अंडी इतकी दाटलेली असतात की एकमेकांवर दाबून गोलाची कोनेदार होतात. सोडून झालेल्या मादीत रिकाम्या पिशव्या, त्यात चुकार एखाददुसरं अंडं. आतड्यातला वाळूचा कण पात्याखाली आला तर अख्ख्या छेदावर उभी रेघ उठते. म्हणून वजनासाठीच्या तिसऱ्या रात्रभर स्वच्छ खारट पाण्यात ठेवा, पण छेदासाठीच्या आणल्याबरोबर ऊती टिकवणाऱ्या द्रावणात घाला. पाणी बदललं की ताणाने त्या तिथेच अंडी सोडू शकतात.

याचा उपयोग काय, असं घरचे विचारतील. केरळात अष्टमुडीच्या खाडीत डिसेंबर ते फेब्रुवारी शिंपले काढणं बंद असतं, ते अशाच अभ्यासाच्या आधारावर. २०१४ साली त्या मासेमारीला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचं (एमएससी) शाश्वत मासेमारीचं प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलं.

नोकरीचं म्हणाल तर संशोधन संस्थांत प्रकल्पावरच्या तात्पुरत्या जागा निघतात, पगार बेताचा. पॅथॉलॉजी लॅबमधून स्लाइड करून घेणारे बरेच असतात. तुम्ही स्वतः मेणाचे ठोकळे करा, स्वतः कापा. मुलाखतीत स्लाइडचा फोटो पुढे ठेवून 'ही कुठली अवस्था?' असं विचारलं, की कुणी काय केलंय ते लगेच कळतं.