बालवाडीचा वर्ग लावताना: भिंती आणि कोपरे मुलांच्या उंचीवर कसे आणावेत

जून उजाडला की नाशिकच्या बालवाड्यांत कात्री, फेव्हिकॉल आणि चमकीच्या कागदाचा मोसम सुरू होतो. फोमची फुलं, हसरा सूर्य, 'वेलकम'ची झालर, फळं, वाहनं, थोर नेते, महिने आणि वार. ताई दिवसदिवस स्टुलावर उभ्या राहून हे सगळं चिकटवतात. मुलं येतात, पहिल्या दिवशी माना वर करून बघतात आणि नंतर विसरून जातात, कारण बहुतेक तक्ते त्यांच्या डोक्याच्या हातभर वर असतात. खरं सांगायचं तर ती सजावट फी भरायला आलेल्या पालकांसाठी असते. वर्ग मुलांसाठी लावायचा असेल तर बाजारात जायच्या आधी एक काम करायला हवं.

आधी सगळं उतरवा

एका सुटीच्या दिवशी भिंतीवरचं सगळं खाली काढा आणि प्रत्येक तक्ता हातात घेऊन एवढंच विचारा: गेल्या महिन्याभरात एखादं मूल याच्यापाशी थांबलं होतं का? थांबलं असेल तर ठेवा. तक्ता चांगला आहे पण सध्या नको, असं वाटलं तर कपाटात. बाकीचं रद्दीत. थर्माकोलचा मोह असेल तर तोही आत्ताच सोडा. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, शिवाय त्याचे पांढरे दाणे लहान मुलांच्या नाकातोंडात जातात.

गच्च भरलेल्या भिंतीने शिकण्यावर परिणाम होतो का, हे अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासलं होतं. बालवर्गातल्या २४ मुलांना त्यांनी काही धडे सजवलेल्या खोलीत दिले, काही साध्या खोलीत. सजवलेल्या खोलीत मुलांचं लक्ष जास्त भरकटलं आणि चाचणीत बरोबर उत्तरांचं प्रमाण ४२ टक्के आलं; साध्या खोलीत ते ५५ टक्के होतं. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोग छोटा आहे, त्यावरून वर्ग पांढराफटक ठेवण्याची गरज नाही. पण त्यातून एक नियम नक्की घ्यावा: गोष्ट सांगताना ताई जिथे बसतात, त्यांच्या पाठीमागची भिंत मोकळी ठेवा. सजावट मुलांच्या पाठीशी आणि बाजूला असू द्या.

मग गुडघ्यांवर बसा

तीन वर्षांचं मूल साधारण ९५ सेंटीमीटर उंच असतं, पाच वर्षांचं ११० च्या आसपास, आणि डोळे त्याहून दहाएक सेंटीमीटर खाली. म्हणजे जमिनीपासून ६० ते ११० सेंटीमीटर हा पट्टा मुलांचा. खडूने भिंतीवर दोन रेघा ओढा. मुलांनी बघायचं ते या रेघांच्या मध्ये. आहाराचं वेळापत्रक, लसीकरणाचा तक्ता, सूचना वगैरे मोठ्यांच्या गोष्टी वर. एकदा सतरंजीवर मांडी घालून वर्गभर नजर फिरवली की बाकीचं आपोआप कळतं.

लावायचं कशावर, हा प्रश्न आपल्याकडे पावसाळ्यात येतो. जुलै-ऑगस्टमध्ये जुन्या इमारतींच्या भिंतींना ओल येते, चार्ट पेपर वळतो, आणि टेप काढायला गेलं की डिस्टेंपरचे पापुद्रे सोबत निघतात. त्यापेक्षा दोन लाकडी पट्ट्यांमध्ये गोणपाट ताणून बसवा आणि त्यावर टाके घालून कागद लावा. नाहीतर दोन हुकांमध्ये सुतळी बांधून कपड्यांचे चिमटे वापरा. सुतळी मात्र भिंतीला लगटून, घट्ट हवी, आणि तिची टोकं लोंबती नकोत. ती मुलांच्या गळ्याच्या उंचीवर असते. टाचण्या आणि पुशपिन वर्गाबाहेर. पावसाचा मारा बसणारी भिंत असेल तर कागदाच्या भानगडीत पडूच नका, खालच्या पट्ट्याला फळ्याचा काळा रंग द्या. ओल्या फडक्याने पुसता येते आणि मुलांना गिरवायला हक्काची जागा मिळते.

आता काय लावायचं

मुलांचं काम लावा, पण एकाच साच्यातून काढलेली तीस सारखी कापसाची मेंढरं नव्हेत. ती ताईंचीच कलाकृती असते, मुलाने फक्त कापूस चिकटवलेला असतो. त्यापेक्षा पाच-सहा वेगवेगळी चित्रं लावा, प्रत्येकाखाली नाव, तारीख आणि त्या चित्राबद्दल मूल जे बोललं ते त्याच्याच शब्दांत. 'ही गंगा हाये आन हा माझा पप्पा पाण्यात' असं मूल म्हणालं तर तसंच लिहा, शुद्ध करू नका. नाशिकचं मूल गोदावरीला गंगाच म्हणणार. आपलं बोलणं ताईंनी कागदावर उतरवलं आणि उद्या पुन्हा तेच वाचून दाखवलं, हे बघताना लिहिणं म्हणजे काय ते मुलाला उमगतं. पंधरवड्याने चित्रं बदला म्हणजे सगळ्यांची पाळी येते.

मुळाक्षरांचे विकतचे तक्ते लावायचे असतील तर निवडून लावा. 'ऐ ऐरणीचा' मधली ऐरण आजच्या मुलाने कुठे बघितलेली असते? वर्गातच तक्ता करा: क कांद्याचा, द द्राक्षाचा, म मिसळीचा. शक्य असेल तिथे मुलांची नावं त्यात गुंफा.

माझ्या मते सगळ्यात चांगली भिंत ती, जी रोज थोडी बदलते. पावसाळ्यासाठी एक सुचवते. गोदावरीला पूर आला की अख्खं शहर नदीपात्रातल्या उंच मूर्तीकडे बघून 'दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं?' असंच विचारतं. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की मोठी माणसं मारुतीच्या पायापासून, कमरेपासून, छातीपासून पुराचा अंदाज घेतात. वर्गात पुठ्ठ्याचा, पाच वर्षांच्या मुलाएवढा उंच मारुती उभा करा आणि निळ्या कापडाची पट्टी चिमट्याने त्याच्यावर लावा. सकाळी कुणीतरी घरून बातमी आणतं, कुणी बाबांच्या मोबाइलवर फोटो बघितलेला असतो. त्याप्रमाणे एका मुलाने पट्टी वर-खाली करायची. शेजारी मुलांनी स्वतःची उंची लावून बघायची. वर, खाली, जास्त, कमी, काल, आज असे शब्द कसलाही पाठ न घेता तोंडात बसतात. पाणी उतरलं की चिखल, होड्या, देवळं यांची चित्रं त्याच भिंतीवर येतात.

कोपरे किती, कुठे

खोली लहान असेल तर चार कोपरे पुरे. दारापाशी ये-जा असते, तिथे वाचनकोपरा मांडू नका. ठोकळे आणि बाजार हे आवाजाचे कोपरे एका बाजूला, पुस्तकं आणि चित्रं दुसऱ्या बाजूला. माती आणि पाणी मोरीजवळ, फरशीवर. कोपरे वेगळे करायला कंबरेपेक्षा उंच काही ठेवू नका. ताईंना खुर्चीवरून प्रत्येक डोकं दिसलं पाहिजे. पाण्याच्या टबाजवळ मोठं माणूस सतत हवं, आणि तास संपला की टब रिकामा करून पालथा.

कप्प्यांसाठी महागडी रॅक लागत नाही. टोमॅटो-द्राक्षांचे प्लास्टिक क्रेट आडवे ठेवून एकमेकांना बांधले की उत्तम फळ्या होतात; फक्त ते आधी साबणाच्या पाण्याने घासून कडक उन्हात वाळवा, कारण त्यांना फवारणीचा माल लागलेला असतो. तीनपेक्षा जास्त थर रचू नका. बालशिक्षण स्वस्त आणि आसपासच्या वस्तूंमधून करता येतं हे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला करून दाखवलं. बिया, शिंपले, पानं, दगड हेच त्यांचं साहित्य होतं. तीन वर्षांच्या आतलं भावंडही वर्गात येत असेल तर चिंचोके, मणी अशा बारीक वस्तू मात्र वरच्या फळीवर.

बाजाराचा कोपरा थोडा सविस्तर सांगते, कारण आपल्या मुलांना तो लगेच लागू पडतो. सुके कांदे, बटाटे, दोन करवंट्यांची तागडी, वजनांसाठी दगड, वर्तमानपत्राच्या पिशव्या. पहिला आठवडा काहीच शिकवू नका, नुसतं विकू द्या. मग कांदे निवडायला बसवा: मोठा, मध्यम आणि गोल्टी. शेतकरी घरातलं मूल हे ताईंपेक्षा चांगलं करतं, त्यालाच इतरांना शिकवू द्या. पुढे पाट्यांवर भाव लिहा, एक ते दहापर्यंतचेच. लिलावाचा आरडाओरडा सुरू झाला तर होऊ द्या. पैसे मुलांनी स्वतः छापावेत. नाशिकरोडला खऱ्या नोटा छापतात, त्या गावाच्या मुलांना एवढी सूट हवीच. कांद्यांना कोंब फुटला की फेकू नका, पाण्यात ठेवा आणि शेजारी भिंग ठेवा.

वाचनकोपऱ्यात पुस्तकं कणा दाखवत नव्हे तर मुखपृष्ठ दाखवत ठेवा, एका वेळी आठ-दहाच. सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांत कितीतरी घरांत अहिराणी किंवा हिंदी बोलतात. अशा घरातली एखादी आजी आठवड्यातून एकदा इथे येऊन बसली आणि तिच्या बोलीत गोष्ट सांगून गेली तर त्या मुलांचा चेहरा बघा. चित्रांच्या कोपऱ्यात जाड खडू आणि एका बाजूने कोरे कागद, एवढं बास. ठोकळ्यांना सतरंजी द्या, आवाज अर्धा होतो. प्रत्येक डब्यावर आतल्या वस्तूचं चित्र चिकटवा म्हणजे आवरणं मुलांना जमतं.

पालक विचारतील, 'यंदा वर्ग रिकामा का दिसतो?' त्यांच्यासाठी बाहेरचा पॅसेज ठेवा. तिथे हवी तेवढी झालर लावा, आणि महिन्यातून एकदा त्यांना आत बोलावून मुलांच्या शेजारी खाली बसवा.

एखाद्या कोपऱ्यात कुणीच जात नसेल तर घाईने मोडू नका. दोन दिवस वहीत टिपा: मूल तिथे गेलं का, किती वेळ थांबलं, का उठलं. बऱ्याचदा कारण साधं निघतं. ऊन येतं, डबा उघडत नाही, शेजारचा गलका फार. आधी जागा बदला, मग वस्तू. दिवाळीच्या सुटीनंतर बाजार उचलून तिथे दवाखाना किंवा पोस्ट मांडा. ठोकळ्यांना मात्र हात लावू नका, ते वर्षभर जागच्या जागी हवेत.