पोटात बाळ आणि अंगावर कांजिण्या: इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या मैत्रिणींसाठी

इंग्लंडला येऊन काही महिने झालेत, दिवस गेलेत आणि एका सकाळी मानेवर, पोटावर पाणी भरलेले बारीक फोड दिसले, तर आधी जीपीला (इथल्या आपल्या फॅमिली डॉक्टरला) किंवा मिडवाइफला (गरोदरपणात आणि बाळंतपणात आपल्याला बघणाऱ्या नर्सबाईला) फोन करा. आईला नंतर. मी नेमकं उलट केलं होतं.

दुसऱ्या खेपेला मी 24 आठवड्यांची होते. थोरला नर्सरीतून कांजिण्या घेऊन आला आणि दोन आठवड्यांनी माझ्या अंगावर उठल्या. व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "बाईंचं, देवीआईचं आहे ते, औषध घेऊ नकोस, कडुलिंबाचा पाला मिळतो का बघ." मी तीन दिवस घरात बसून राहिले. त्यातच मिडवाइफची अपॉइंटमेंट बुडवली. तिथे इतर पोटुशा बायका असतात, त्यांना लागण व्हायला नको, असा विचार होता. तो बरोबरच होता, पण मी कळवलंही नाही, ही चूक झाली. चौथ्या दिवशी जिना चढताना धाप लागली, तेव्हा नवऱ्याने 111, म्हणजे तब्येतीच्या सल्ल्याचा इथला सरकारी नंबर, फिरवला. हॉस्पिटलने आम्हाला बाजूच्या दाराने आत घेतलं, वेगळ्या खोलीत ठेवलं आणि शिरेतून औषध सुरू केलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, पुरळ दिसल्यापासून 24 तासांच्या आत कळवलं असतं तर कदाचित घरीच गोळ्यांवर भागलं असतं.

त्या गोळ्यांचं नाव आसायक्लोव्हिर. 20 आठवड्यांनंतर त्या सहसा देतात, त्याआधी डॉक्टर विचार करून ठरवतात. गरोदरपणात कांजिण्यांमुळे आईला न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून ही घाई. दम लागणं, छातीत दुखणं, खूप डोकं दुखणं, सारखी गुंगी, उलट्या न थांबणं, रक्तस्राव, यातलं काही झालं तर थेट हॉस्पिटल गाठायचं. श्वास घेणं जड जात असेल तर 999 वर ॲम्ब्युलन्स बोलवा. तेव्हाही "चिकनपॉक्स आहे" हे आधीच सांगा.

आपल्याला हे जास्त का लागू पडतं, तेही समजून घ्या. इथे वाढलेल्या बहुतेक मोठ्या माणसांना लहानपणीच कांजिण्या होऊन गेलेल्या असतात. उष्ण प्रदेशात वाढलेल्यांपैकी अनेकांना त्या लहानपणी होतच नाहीत, आणि मोठेपणी इथे येऊन पहिल्यांदा गाठ पडते. "तुला झाल्या होत्या बहुतेक, की तो गोवर होता?" इतपतच आईला आठवत असेल, तर त्यावर विसंबू नका. रक्ततपासणीत प्रतिकारशक्ती आहे की नाही ते कळतं. गरोदरपणासाठी मिडवाइफकडे नाव नोंदवताना तुमचं जे रक्त घेतलेलं असतं, त्याच नमुन्यावरही ही तपासणी करता येते. तुम्ही विचारा.

तुम्हाला फोड नाहीत, पण कांजिण्या असलेल्या मुलाबरोबर एका खोलीत 15 मिनिटं होतात किंवा तो अगदी समोरासमोर होता? तरी त्याच दिवशी कळवा. पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून लागण होते आणि सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत ती चालू राहते. प्रतिकारशक्ती नसेल तर संपर्कानंतर सातव्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत त्याच गोळ्या देतात. लस मात्र गरोदरपणी घेता येत नाही.

फोनवर काय बोलायचं, तेही लिहून ठेवा: "आय ॲम प्रेग्नंट, ट्वेंटी-फोर वीक्स. आय थिंक आय हॅव चिकनपॉक्स. द रॅश स्टार्टेड धिस मॉर्निंग." आठवडे आणि पुरळ कधी उठलं, या दोन गोष्टी आवर्जून सांगा. सावळ्या अंगावर लाली पटकन दिसत नाही, तेव्हा फोटो काढून ठेवा. इंग्रजीची भीती वाटत असेल तर दुभाषा मागा, पैसे पडत नाहीत. जीपीकडे नाव घालायला पत्त्याचा पुरावा लागत नाही, आणि नाव घातलेलं नसलं तरी जवळच्या मॅटर्निटी विभागाकडे स्वतः अर्ज करता येतो. मॅटर्निटी एक्झेम्प्शनचं प्रमाणपत्र मिडवाइफकडून करून घेतलंत की प्रिस्क्रिप्शनचेही पैसे द्यावे लागत नाहीत.

कांजिण्यांमुळे जाता आलं नाही, म्हणून ठरलेली तपासणी रद्दच झाली असं धरू नका, पुढची तारीख मागून घ्या. विशेषतः 12 आठवड्यांचा स्कॅन. डाउन सिंड्रोमची पहिली चाचणी 14 आठवडे 1 दिवसापर्यंतच होते. ती हुकली तर 20 आठवड्यांपर्यंत वेगळी रक्तचाचणी करतात, म्हणून तीही विचारा.

बाळाचं काय, हा प्रश्न रात्री झोपू देत नाही, मला माहीत आहे. 28 आठवड्यांच्या आत कांजिण्या झाल्या तर बाळावर परिणाम होण्याची थोडी शक्यता असते, पण ती खरोखरच थोडी. आजारानंतर पाच आठवड्यांनी सविस्तर स्कॅन करतात. माझा 29 व्या आठवड्यात झाला. तंत्रज्ञ मुलगी हात, पाय, डोळे, डोकं असं एकेक थांबून दाखवत होती आणि मी नवऱ्याचं मनगट घट्ट धरून बसले होते. सगळं नीट होतं. कांजिण्यांनी गर्भपाताचा धोका वाढत नाही. प्रसूतीच्या आगेमागे आठवडाभरात झाल्या, तर बाळाला जन्मल्यावर संरक्षक इंजेक्शन द्यावं लागू शकतं, म्हणून लेबर वॉर्डला आधीच कळवायचं.

घरी ताप असेल तर पॅरासिटामॉल घ्या, आयब्युप्रोफेन नको. कॅलामाइन लावा, नखं कापा, पाणी भरपूर प्या. पाल्याच्या पाण्याने आंघोळ करावीशी वाटली तर मिडवाइफला विचारून करा, पण त्यासाठी गोळ्या लांबवू नका.

आणि बाळंतपणाला आई किंवा सासूबाई येणार असतील, तर तिकीट काढण्याआधी त्यांनाही कांजिण्या झाल्या होत्या का ते विचारा. अजून भारतातच असाल आणि पुढे मूल हवं असेल, तर निघण्याआधी डॉक्टरांशी लसीबद्दल बोला. दोन डोस लागतात, त्यांच्यात किमान चार आठवड्यांचं अंतर असतं आणि शेवटच्या डोसानंतर महिनाभर दिवस राहू द्यायचे नसतात.